हा नाच कोणत्या गावाचा? बल्गेरियाचे पाहुणे आणि आमच्या बदललेल्या कार्यक्रमाचं प्रकरण

तालमीचा तिसरा दिवस होता. शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मुलींनी ‘आदिवासी नृत्य’ करून दाखवलं. हिरव्या प्लॅस्टिकच्या पानांचे घागरे, चेहऱ्याला आणि हातांना फासलेला काळा रंग, पुठ्ठ्याचे भाले आणि स्पीकरवर दणदणीत गाणं. तीन महिने घासून बसवलेला नाच. एकही पाऊल चुकलं नाही. बल्गेरियाहून आलेल्या मुलामुलींनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मग त्यांच्या शिक्षिकेनं मला विचारलं, ‘‘हा नाच कोणत्या गावाचा?’’

‘‘सातपुड्याचा,’’ मी म्हटलं.

‘‘सातपुडा तर डोंगर आहे ना? गाव कोणतं?’’

मला सांगता आलं नाही. तो बाया नाचतात की पुरुष, कोणत्या सणाला नाचतात, तुम्ही कोणाकडून शिकलात, हे प्रश्न एकामागून एक आले आणि एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये वर्षानुवर्षं पाहिलेल्या असल्याच नाचांवरून मी तो बसवला होता. हॉलच्या दाराशी आमच्या कॉलेजचा एक विद्यार्थी साउंडची वायर गुंडाळत उभा होता. सातपुड्यातल्या मोलगी गावाच्या पुढच्या एका पाड्यावरचा, भिल्ल समाजातला. त्यानं मान वर केली नाही, वायर गुंडाळत राहिला.

पुढच्या आठवड्यात जे घडलं ते सविस्तर लिहिते आहे. परदेशी पथकांना बोलावणारी मंडळी खान्देशातही आता बरीच आहेत. त्यांना तयारीच्या यादीत आमच्यापेक्षा दोन ओळी जास्त लिहिता याव्यात, एवढीच इच्छा.

कोण आणि कशासाठी

आमचं गाव तालुक्याचं. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याकडे तोंड करून बसलेलं. केळी, पपई, ऊस, कापूस. बाजारपेठ मोठी आहे, पण नाट्यगृह नाही. इथं मी नाचाचा वर्ग चालवते. नवरात्रात गरबा, फेब्रुवारीत गॅदरिंग, मधल्या काळात लावणी आणि सिनेमाची गाणी. गुजरात इतका जवळ की गरब्याला ‘बाहेरचा’ म्हणायचं कोणाच्या मनातही येत नाही.

पाहुणे चौदा जण होते, सतरा ते तेवीस वयाचे, सोबत एक शिक्षिका आणि एक ढोलवाला. पश्चिम बल्गेरियातल्या एका लहान शहराचं हौशी पथक. कोणी कॉलेजात, कोणी गॅरेजमध्ये कामाला. आमच्या गावातला एक मुलगा तिकडे शिकायला होता, त्याच्या ओळखीतून हे जुळलं. दहा दिवस राहायचं, एकमेकांचे नाच शिकायचे, सातव्या दिवशी कार्यक्रम, आणि होळी पाहून परत. हॉटेलात उतरवायचं नाही, घरोघरी ठेवायचं, हे आधीच ठरलं होतं. त्यामुळे आठ घरं लागली आणि आठही घरांची कागदपत्रं लागली. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की चोवीस तासांत यजमानानं ठरलेला फॉर्म भरून सरकारी नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं. हे काम शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. पाहुणे दमून आलेले असतात आणि आपण त्यांचे पासपोर्ट मागत दारोदार फिरत असतो, हे बरं दिसत नाही.

पहिल्या दोन दिवसांत घरांनी जे सांभाळून घेतलं ते मला कुठल्याही कार्यक्रमात बसवता आलं नसतं. पाहुण्यांच्या मनगटांवर लाल-पांढऱ्या दोऱ्यांचे गोंडे होते, मार्तेनित्सा. तिकडे १ मार्चला हे दोरे एकमेकांना बांधतात आणि करकोचा किंवा मोहरलेलं झाड दिसेपर्यंत ठेवतात. आल्या आल्या त्यांनी ते यजमानांच्याही हातांना बांधले. एका घरी पाहुण्या मुलीनं थोरल्या मुलाच्या मनगटाला दोरा बांधला आणि त्याच्या आईनं तत्काळ ओवाळणीचे पैसे तिच्या हातावर ठेवले. दोरा बांधला, म्हणजे बहीण झाली. आता तो कोणत्या महिन्यात बांधला हा प्रश्नच नाही.

दुसऱ्या घरी जरा अवघड झालं. तिथली पाहुणी दुधाचा चहा घेईना, पोळीवरचं तूप बाजूला सारी, दह्याला हात लावीना. काकू दोन दिवस कष्टी. ‘‘माझ्या हातचं तिला चालत नाही का?’’ मग कळलं की त्यांच्या ईस्टर सणाआधीचा मोठा उपास चालू आहे आणि ती तो कडक पाळते. मांस, अंडी, दूध, तूप सगळं वर्ज्य. ‘उपास’ हा शब्द कानावर पडताच काकूंचा चेहरा उजळला. आमच्या उपासाला दूध चालतं आणि भाकरी चालत नाही, तिच्या उपासाला भाकरी चालते आणि दूध चालत नाही, एवढाच फरक. त्या दिवसापासून कळण्याची भाकरी, तेल, ठेचा आणि भरीत. भरीत पाहून तर त्या मुलीनं टाळीच वाजवली. त्यांच्याकडेही वांगं आणि मिरची भाजून, लसूण घालून, कधी टोमॅटो घालून ठेचतात. त्याला क्योपोलू म्हणतात. चुलीवर वांगं भाजल्याचा वास तिला घरचा वाटला.

सात मात्रा

नाचाचं शिकवणं कसं झालं हेही सांगायला हवं, कारण पुढचा प्रश्न त्याच्याच पोटातून निघाला.

त्यांचा मुख्य नाच ‘होरो’. हातात हात धरून साखळी करायची आणि टोकाचा एक जण तिला पुढे ओढत नेतो. गरब्यासारखं रिंगण, पण सुटं नाही. पहिल्याच तालमीत हात धरण्याचा प्रश्न आला. मुलगा-मुलगी शेजारी आले की आमच्या मुली हात मागे घेत आणि खिडकीतून पाहणाऱ्या आयांचे चेहरे आक्रसत. मी ‘‘काही नाही, कलाच आहे’’ असं सांगून पुढे रेटणार होते. त्यांच्या शिक्षिकेनं मला थांबवलं. पिशवीतून रुमाल काढले आणि दोघांच्या मध्ये एकेक रुमाल दिला. टोक याच्या हातात, टोक तिच्या हातात. बाल्कन देशांकडच्या जुन्या लोकांतही असंच चाले, ती म्हणाली. साखळी तुटली नाही, आणि कोणाला आपलं मन मोडावं लागलं नाही.

साधा ‘प्रावो’ होरो सगळ्यांना तासाभरात आला. अडलं ते ‘रचेनित्सा’पाशी. त्याचा ताल सातांचा. आमच्या तबल्याच्या सरांनी ऐकला आणि म्हणाले, हा तर रूपक. रूपकाच्याही मात्रा सातच, पण त्यांची वाटणी तीन-दोन-दोन. ती ती ना, धी ना, धी ना. रचेनित्साची वाटणी दोन-दोन-तीन, म्हणजे लांब तुकडा शेवटी. वर लय इतकी चढी की सात मोजायला वेळच मिळत नाही. माझ्या मुलींना मी लहानपणापासून काउंट शिकवलेले. त्या एक ते सात मोजत आणि पाचव्याला अडखळत. पाहुण्यांना विचारलं, तुम्ही कसे मोजता? ते म्हणाले, आम्ही मोजत नाही. पावलं तीनच आहेत, छोटं, छोटं, मोठं.

त्या दुपारी हॉलमध्ये बसलेल्या काकूंनी ते सोडवलं. भरताचं बोलणं चाललं होतंच. ढोलाच्या ठेक्यावर त्या सहज म्हणाल्या, ‘‘वांगी, मिरची, टमाटे.’’ दोन, दोन, तीन. ढोलवाल्यानं चमकून पाहिलं आणि त्यावर काठी धरली. त्यांचा ढोल, तपान, दोन्हीकडून वाजतो. एका बाजूला जाड दांडा, दुसऱ्या बाजूला बारीक छडी. जाड दांडा ‘टमाटे’वर पडू लागला आणि दहा मिनिटांत अख्खा हॉल वांगी-मिरची-टमाटे म्हणत नाचत होता, बल्गेरियाची पोरंही.

या शिकवण्यात एक गोष्ट वारंवार येत होती. प्रत्येक नाचाआधी त्यांची शिक्षिका गाव सांगे, प्रदेश सांगे. हा शोप लोकांचा, म्हणून पावलं लहान आणि झटक्याची. हा थ्रेसचा, म्हणून जमिनीला धरून. हा दोब्रुजाचा, म्हणून गुडघे वाकलेले. तिच्या लेखी गाव सांगितल्याशिवाय नाच सुरूच होत नव्हता. म्हणून तिसऱ्या दिवशी तिनं मला जे विचारलं त्यात टोचणी कसलीच नव्हती. स्वयंपाक आवडला म्हणजे आपण विचारतो ना, मसाला कुठला, तसं ते होतं.

वायर गुंडाळणारा मुलगा

त्या संध्याकाळी तो मुलगा घरी आला. चहा घेतला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘ताई, आमच्याकडे पानं गुंडाळून कोणी नाचत नाही.’’

मी ‘‘हो’’ म्हटलं.

‘‘आणि रंग. माझी बहीण तुमच्या वर्गातल्या मुलींसारखीच दिसते. तिच्यासारखं दिसायला तुमच्या मुलींना काळा रंग लावावा लागला.’’

यावर मी काय बोलणार होते! हा मुलगा दोन वर्षं आमच्या प्रत्येक कार्यक्रमाची खुर्ची न खुर्ची उचलत होता. त्याच्या वसतिगृहात आदिवासी समाजाची कितीतरी मुलं-मुली राहतात, माझ्या घरापासून पायी वीस मिनिटांवर. बल्गेरियातल्या पथकाशी मी आठ महिने पत्रव्यवहार केला होता. वसतिगृहाच्या दारात एकदाही गेले नव्हते.

माझी दुसरी चूक लगेच झाली. ओशाळलेपणाच्या भरात मी म्हटलं, ‘‘मग तुम्हीच खरा होळीचा नाच दाखवा. बुध्याचा.’’ मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. तो वेश फोटोंमधून सगळ्यांनी पाहिलेला असतो. मला वाटलं, मी त्याला मान देते आहे.

तो म्हणाला, ‘‘ते नाही जमणार. बुध्या नवसाचा असतो. माझे काका होतात. होळीच्या आधीपासून पालनी असते. ते दिवस खाटेवर बसायचं नाही, बायकोपासून लांब राहायचं, सगळं पाळायचं. मंगळवारी तुमच्या कार्यक्रमात कसा होऊ?’’

आमच्यापुढे आता तीन वाटा होत्या. पहिली, काहीच न बदलणं. पत्रिका छापून झाल्या होत्या, कपड्यांचं भाडं दिलं होतं, मुलींनी तीन महिने घाम गाळला होता. समितीतल्या दोघांचं मत हेच होतं, आणि ते वाईट मनाचे लोक नाहीत. पाहुण्यांना कुठं कळतंय, असं त्यांचं म्हणणं. दुसरी वाट, तो नाच गाळायचा आणि दोन लावण्या वाढवायच्या. कोणाला काही सांगायला नको. तिसरी, वसतिगृहातल्या मुलांना विचारायचं की तुम्हाला काही दाखवायचं आहे का, आणि ते ‘नाही’ म्हणाले तर ते ऐकायचं.

तिसरी घेतली, पण ती मुलींना समजावून सांगणं ही माझी खरी परीक्षा होती. त्या रडल्या. एकीची आई घरी येऊन म्हणाली, ‘‘चूक तुमची, आणि बक्षीस पोरींनी का गमवायचं?’’ खरं होतं तिचं. मी मुलींसमोर उभी राहून सांगितलं की नाच मी चुकीचा बसवला, तुम्ही तो चोख केलात. एवढ्यानं कोणाचं समाधान होत नाही, झालंही नाही. बुध्याला त्यानं नकार दिला हे कळल्यावर एक जण चिडून म्हणाली, ‘‘नाचच आहे ना शेवटी? एवढं काय त्यात?’’

कानबाईचा नकार

मग विषय निघाला की आपण आपलं काय दाखवायचं. मुली म्हणाल्या, आपलं काहीच नाही. गरबा गुजरातचा, लावणी तिकडची. हे ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण वर्ग माझाच. मी त्यांना घरी पाठवलं. आज्यांना विचारून या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जी चिडली होती तीच मुलगी आनंदानं आली. तिला कानबाई सुचली होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई देवी बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने. रात्रभर जागर आणि सोमवारी नाचत-गात नदीवर. याहून आपलं ते काय असणार? नारळ सजवायचा, पाटावर घ्यायचा, स्टेजवर मिरवणूक काढायची.

तिच्या आजीनं विचारलं, ‘‘कानबाई काय टेजवर लयी जावानी चीज शे का?’’

मुलीनं आम्हाला ते सांगितलं आणि मध्येच थांबली. कानबाईचे रोट, म्हणजे तिचा प्रसाद, भाऊबंदकीबाहेर कोणाला देत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. सख्खी मैत्रीण घरी आली तरी त्या दिवशी तिला पुरणपोळी वाढतात, रोट नाही. आणि त्यात मैत्रिणीचा अपमान आहे असं कोणालाही वाटत नाही. थोड्या वेळानं ती स्वतःच म्हणाली, ‘‘म्हणजे तोही हेच म्हणत होता.’’

या प्रकरणातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे वाक्य. तीन दिवस मी आदर, संवेदनशीलता असे शब्द वापरून जे सांगत होते ते तिला कळलं नव्हतं. आपल्या घरातला नकार हाताला लागला तेव्हा दुसऱ्याच्या घरातला नकार कळला.

हे सगळं मी पाहुण्यांपासून लपवलं नाही. त्यांच्या शिक्षिकेला नीट सांगितलं, थोडी शरमही होती. ती म्हणाली, आम्ही यातून गेलो आहोत. फिलिप कुतेव यांनी १९५१ मध्ये तिकडे सरकारी लोकनृत्य-लोकगीत पथक उभं केलं. गावचे नाच स्टेजवर आले, रांगा सरळ झाल्या, उड्या एका उंचीच्या झाल्या. ते सुंदर आहे, तिनं स्वतः तसं शिक्षण घेतलं आहे. पण १९६५ पासून कोप्रिव्श्टित्सा नावाच्या गावी दर काही वर्षांनी मेळा भरतो आणि तिथं फक्त हौशी लोक येतात. म्हाताऱ्याकोताऱ्या आपापल्या गावचं गाणं डोंगरातल्या कुरणांवर उभ्या राहून गातात. दोन्ही चालतं, ती म्हणाली, फक्त कोणतं कोणतं आहे ते सांगावं लागतं. लोकमहोत्सवांची जी ‘सिऑफ’ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७० पासून चालते तिच्या महोत्सवांतही पथकांची अशी विभागणी असते. मूळ रूपातले, मुळावर हात फिरवलेले आणि शैलीबद्ध. कोणतंही कमी नाही. तुमच्या त्या नाचाला मात्र यातल्या कुठल्याच खान्यात बसवता येत नव्हतं, कारण मूळच नव्हतं. हे ती फार हळू बोलली. मला ते अजून ऐकू येतं.

मंगळवार

वसतिगृहातली अकरा मुलं-मुली तयार झाली. त्यांच्या अटी त्यांनीच लिहून आणल्या. होळीचं काही नाही. लग्नात नाचतो तो नाच. कपडे आमचेच, घरून मागवू. ढोल आणि बासरी आमची, स्पीकरवर गाणं नको. आणि निवेदनात ‘आदिवासी नृत्य’ एवढंच म्हणायचं नाही, गावांची नावं घ्यायची. रात्री उशिरापर्यंत बाहेर राहायची परवानगी मिळेना, म्हणून कार्यक्रम दोन तास आधी घेतला. पाहुण्यांना जे मानधन आणि जेवण ठरलं होतं तेच त्यांना दिलं. यावरही समितीत बोलणं झालं आणि ते मी इथं लिहीत नाही.

स्टेज काढून टाकला. शाळेच्या मैदानात लोक गोल बसले. माझ्या मुलींनी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्याची गाणी आणि फुगड्या केल्या. एक आजी मध्येच उठून आत आल्या आणि वर्गातल्या सगळ्यांत चपळ मुलीला फुगडीत दमवून गेल्या. वसतिगृहातल्या मुलींनी एकमेकींच्या कमरेमागून हात गुंफून रांग धरली, किंचित वाकून, ढोलाभोवती फिरत. त्यांची रांग आणि होरोची साखळी एका रिंगणात आल्या तेव्हा दोन्ही ढोलवाले एकमेकांकडे पाहत हळूहळू एका लयीवर आले. तालीम झालेली नव्हती. कोणाची पावलं जुळली, कोणाची नाही. अंधार पडेपर्यंत ते चाललं. प्रेक्षकांतले लोक उठून साखळीत शिरत होते आणि रुमाल कमी पडले तेव्हा पदर, उपरणी, ओढण्या पुढे आल्या.

काठी

होळीला आम्ही सगळे सातपुड्यातल्या काठी गावाला गेलो. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगी आणि पुढे काठी. हा रस्ता फाल्गुनात पाहावा. पानं झडलेली, आणि मध्येच पळस पेटलेला. घाटात गाडी थांबवायला लावून पाहुणे उतरले. मोहरलेलं झाड! त्यांनी मनगटांवरचे लाल-पांढरे दोरे सोडले आणि पळसाच्या फांद्यांना बांधले. आमच्याही हातांवरचे सोडायला लावले. मार्तेनित्सा तिकडे प्लमला, चेरीला बांधतात. पळसाला बांधलेली त्यांनी प्रथमच पाहिली.

काठीची राजवाडी होळी रात्रभर चालते आणि पहाटे पेटते. उंच बांबू उभा करतात. डोंगरातल्या पाड्यापाड्यांवरून ढोल उतरत येतात आणि मध्यरात्रीपर्यंत इतके होतात की आपल्या छातीचा ठोका वेगळा ऐकू येत नाही. वायर गुंडाळणारा आमचा मुलगा आता यजमान होता. त्यानं गाडीतून उतरायच्या आधी सगळ्यांना सांगितलं, माणूस ‘हो’ म्हणाला तरच फोटो, आणि बुध्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही. इथं एक घोळ झाला. बल्गेरियात ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवतात आणि ‘नाही’ म्हणताना वरखाली. आठ दिवस आम्ही त्यावर हसत होतो. पण फोटोच्या परवानगीत हसण्यासारखं काही नव्हतं. शेवटी पाहुण्यांनीच ठरवलं, कोणीच मोबाईल काढायचा नाही.

त्यांच्यातला एक मुलगा घरी दर १३ जानेवारीच्या रात्री सुरवाकार होतो. पेर्निक शहराच्या भोवतालच्या गावांत ही प्रथा आहे. कातडी आणि मुखवटे चढवून, कमरेला घंटा बांधून घरोघर फिरायचं, म्हणजे वाईट पळतं आणि वर्ष चांगलं जातं. ‘सुरोवा’ म्हणून हा उत्सव युनेस्कोच्या यादीत २०१५ मध्ये आला. शहरात १९६६ पासून त्याची मोठी मिरवणूकही भरते. घंटांचं वजन वीस-तीस किलो. तो मुलगा काठीला रात्रभर एका जागी उभा होता. बुध्यांची एक रांग भोपळे आणि घुंगरू वाजवत जवळून गेली तेव्हा त्याचा हात आपोआप कमरेला गेला, जिथं त्याच्या घंटा असतात. आमच्या मुलाचे काका त्या रांगेत होते. पुतण्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तो म्हणाला, आज ते काका नसतात.

पहाटे होळी पेटली. गर्दीत कॅमेरे घेऊन आलेले कितीतरी लोक बुध्यांना हाताला धरून उजेडाकडे वळवत होते. वर्षभरापूर्वी मीही तेच केलं असतं.

राहिलेलं

देवाणघेवाण म्हणतो, पण अजून देवाणच झाली आहे. त्यांनी आम्हाला पुढच्या उन्हाळ्यासाठी बोलावलं आहे. बारा जण. बल्गेरिया आता शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, पूर्ण आला आहे, १ जानेवारी २०२५ पासून जमिनीच्या हद्दीही उघडल्या. म्हणजे व्हिसा शेंगेनचा आणि त्याची फी मोठ्या माणसाला ९० युरो. भाडं वेगळं. माझ्या वर्गातल्या मुलींपैकी चौघींचे आईवडील ते भरू शकतात. वसतिगृहातल्या एकाचेही नाही. त्यांच्यापैकी कोणाकडे पासपोर्ट नाही. तिघांच्या जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर आडनाव वेगळं लिहिलं आहे. ज्यांना पैसे परवडतात तेवढेच गेले तर आम्ही पुन्हा तेच करू, फक्त विमानानं. म्हणून ठरवलं आहे, निम्मे जण वसतिगृहातले असतील, नाहीतर पथक जाणार नाही. पैसे गोळा करायला सुरुवात झाली आहे. आडनावांच्या दुरुस्तीसाठी तहसीलच्या फेऱ्या चालू आहेत आणि त्या मी स्वतः करते.

निमंत्रणासोबत एक तक्ता आला आहे. प्रत्येक नाचापुढे चार रकाने: नाव, गाव, कधी नाचतात, कोणाकडून शिकलात. गेल्या रविवारी माझ्या ओसरीवर दोन्हीकडची मुलं-मुली बसून तो भरत होती. वसतिगृहाच्या मुलांचा रकाना आधी भरून झाला, प्रत्येकाला गाव तोंडपाठ. फुगडीपाशी आमच्या मुली अडल्या. ती आजीचीच पोरगी, कानबाईवाली, शेवटी उठून आजीला फोन करायला अंगणात गेली. बाहेरून तिचा आवाज येत होता, ‘‘आजी, तू फुगडी कोठे शिकनी? तुनं माहेर कोनतं शे?’’ आणि आतून तो मोलगीकडचा मुलगा पेन धरून विचारत होता, ‘‘काय म्हणाली? काय लिहू?’’